अक्काची गाठ

आमच्या घरात सकाळ व्हायची ती चाकाच्या आऱ्यांच्या आवाजानं. आदिलाबादकडच्या इचोड्यात नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून पुढं बाबांचं सायकलचं दुकान, त्यामागं दोन खोल्या आणि त्यामागं कडुलिंबाचं झाड असलेलं अंगण. दुकान आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, गोणपाटाचा पडदा होता. रस्त्यावर ट्रकांची घरघर सुरू झाली की पडद्यामागून टिंग, टिंग, टुंग असा आवाज यायचा. माझी मोठी बहीण शांता चाक फिरवत एकेक आरा बोटानं छेडून बघत असायची. सैल आऱ्याचा सूर जड लागतो. तिकडं चुलीपाशी माय भाकरी थापायची, आणि थापीचा आवाज आणि आऱ्याचा आवाज एकमेकांत मिसळून जायचे. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनीच मोठी होती, पण शेजारच्या तेलुगू मुलांकडून तो शब्द आमच्या घरात आला आणि तिला चिकटला.

बाबांना जवळचं नीट दिसत नसे. पंक्चर, चेन, पेडल ही कामं ते दुकानात बसून करत; बारीक काम पडद्यामागं जाई. चाकाची वाक काढणं, छर्रे बसवणं, तारा ओवणं हे सगळं अक्काचं. गावाला हे ठाऊक होतं आणि गावानं ते ठाऊक नसल्यासारखं ठेवलं होतं. शेतकरी सायकल टेकवून म्हणायचे, "भाऊ, मागच्या मिस्त्रीले सांगा, चाक लय डोलून राह्यलं." बाबा गंभीरपणे म्हणायचे, "सांगतो." मग पडद्याखालून चाक आत सरकवायचे. दुपारी अक्का हात राखेनं घासून आमच्यात जेवायला बसायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. तरी तिच्या भाकरीच्या कडेला ग्रीसचं एक काळं बोट उमटलेलं असायचंच. माय म्हणायची, "हिच्या सासरी लोकं भाकर पाह्यतीन का गिरीस?" अक्का म्हणायची, "त्याइच्या सायकली नीट चालतीन तर भाकर बी गोड लागंन त्याइले."

तिच्या कामाच्या दोन खुणा होत्या. आमच्याकडच्या बहुतेक सायकलींना सळईचे ब्रेक, तारेचे थोडे. तार कापली की तिचं टोक झाडूसारखं उलगडतं. शहरातले मिस्त्री त्यावर शिशाची टोपी दाबतात. आमच्याकडं त्या मिळत नसत. अक्का कापसाचं सूत हळदीत रंगवून, मेणात बुडवून त्या टोकावर सात वेढे द्यायची आणि शेवटची गाठ अशी आत ओढून घ्यायची की सूत कुठं संपलं ते दिसत नसे. पिवळं सूत दिसलं की बाबा हात न लावता सायकल गिऱ्हाइकाला देत. दुसरी खूण मोजण्याची. काम झालं की ती ब्रेक दहा वेळा पूर्ण अंग टाकून दाबायची आणि माय ज्वारी मापताना मोजते तसं मोजायची. "लाभ, दोन, तीन, चार…" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. दहा झाल्याशिवाय सायकल पडद्याबाहेर गेली नाही.

त्या वर्षी शाळेत गणिताला नवे सर आले, वेंकट सार. सरांना आमच्याकडं सारच म्हणतात. त्यांचं घर निर्मलला. त्यांच्याकडं एक परदेशी रेसर सायकल होती, जुनीच, पण आम्ही तशी पाहिली नव्हती. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि त्याच्या वळणावर दोन लांबट लिव्हर. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की सार त्या सायकलीवर घाट उतरून निर्मलला जायचे आणि सोमवारी सकाळच्या बसच्या टपावर सायकल टाकून परत यायचे. पावसाळ्यानंतर तिच्या ब्रेकच्या तारा गंजल्या. आमच्याकडं मिळणाऱ्या तारा तिला चालत नव्हत्या. एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडून त्यांनी नागपूरहून दोन मागवल्या, आणि त्या घेऊन ते दुकानात आले.

अक्कानं त्या कामाला तीन दिवस लावले. दोन दिवस तर ती नुसती बघतच बसली. त्या लिव्हरची रीत वेगळी होती. तारेच्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढी घुंडी, मागं गोल आणि पुढं निमुळती. ती लिव्हरच्या पोटातल्या खाचेत जाऊन बसते आणि तार लिव्हरच्या डोक्यातून वर निघते. वर निघालेली तार आउटरच्या नळीतून कमान घेऊन हँडलवरून खाली ब्रेकपर्यंत जाते. कमान आखूड झाली तर हँडल वळवलं की तार ताणली जाते आणि ब्रेक आपोआप लागतो. लांब झाली तर ब्रेक स्पंजासारखा होतो. अक्कानं आधी सुतळीनं कमानी धरून पाहिल्या, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं, सुतळीला गाठ मारून माप घेतलं आणि मगच नळी कापली. नळी कापल्यावर तिचं तोंड कानशीनं सपाट केलं, आत दाभण फिरवून वाट मोकळी केली. सार पडद्यापाशी उभे राहून बघत होते. ते बाबांना म्हणाले, "भाऊ, ये लडकी का दिमाग हाथ में है. इसकू फिटर का कोर्स कराव."

त्यांनी नुसतं म्हटलं नाही. त्याच आठवड्यात आदिलाबादच्या सरकारी तंत्रशाळेच्या प्रवेशाची दरखास्त घेऊन आले. बाबा बराच वेळ तो कागद डोळ्यांपासून लांब धरून बघत राहिले. मग म्हणाले, "सार, तुमची सायकल या शनिवारी निर्मलले जाऊन नीट वापस आली का मी सही करतो. मंग लोकाइले सांगाले बी तोंड राह्यते." त्या संध्याकाळी मायनं तुरीच्या वरणात तुपाची धार जरा जास्त सोडली. अक्का जेवताना हसत होती. मी हसत नव्हतो. मी त्या वर्षी इंटरला नापास झालो होतो आणि दरखास्त माझ्या नावाची नव्हती.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या दुकानाच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या, नातवंडांना, ऑफिसातल्या लोकांना, एकदा तर गावच्या समारंभात माईकवरून. पिवळ्या सुताचीही सांगितली. लोक टाळ्या वाजवतात. पुढचं सांगायचं आलं की मी पाणी प्यायचो आणि दुसरीकडं वळायचो.

शुक्रवारी माय आणि अक्का कापूस वेचायला मामाच्या शेतात गेल्या होत्या. बाबा सामान आणायला आदिलाबादला. सायकल तयार होऊन अंगणात उभी होती, सार ती शनिवारी नेणार होते. चहाच्या टपरीवर माझे दोस्त बसले होते. मी सायकल मिरवायला तिकडं नेली. एक जण म्हणाला, "काऊन रे दिगू, सारच्या सायकलीले बैलाचे शिंगं लावले का तुह्या बहिनीनं?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "फिटरीन होऊन राह्यली म्हने. तू भाकरी शिक मंग." मी सायकल परत आणली, अंगणात उभी केली आणि त्या दोन कमानींकडं बघत बसलो. मला वाटलं, चार बोटं कमी केल्या तर छान दिसतील, आणि सारला सांगता येईल की हे मी केलं.

उजवी बाजू आधी घेतली. उजवी तार पुढच्या ब्रेकची. ब्रेकपाशी ती सोडवली, अक्काचं सूत कापलं, लिव्हर दाबून तार वरून ओढून काढली, नळी चार बोटं छाटली. तोंड घासायचं असतं हे मी पाहिलं होतं, पण घाई होती. तार परत ओवायला गेलो तर नळीच्या खडबडीत तोंडात तिचं टोक अडकलं आणि उलगडलं. मी पिळत गेलो तसं ते आणखी उलगडत गेलं. शेवटी वीतभर तार झाडू होऊन बसली. तशी दुसरी तार फक्त नागपुरात. दुकानात मोपेडच्या ब्रेकची एक होती. जाडी तीच, पण घुंडी ढोलकीसारखी आडवी आणि मोठी. ती लिव्हरच्या खाचेत जाईना. मी ती पकडीत धरली आणि कानस मारत सुटलो. मारता मारता ती तुरीच्या दाण्यासारखी झाली. तारेला धरून ठेवणारा किती धातू मी घासून टाकला याचा विचारही मनात आला नाही. घुंडी बसली. ब्रेक लागला. मी तीन वेळा दाबून पाहिला. चौथ्यांदा दाबायची छाती झाली नाही.

मग मी जे केलं ते घाईत केलं असं म्हणता येणार नाही. अक्काच्या डब्यातून पिवळं सूत काढलं, मेणात बुडवलं आणि तारेच्या टोकावर सात वेढे दिले. गाठ तिच्यासारखी आत ओढून घेतली. लहानपणापासून बघत होतो, मला ती येत होती. डावीकडच्या कमानीला हात लावला नाही. उजवी तिच्यापेक्षा चार बोटं बुटकी दिसत होती, पण संध्याकाळी अक्का दमून आली, कापसाची बोंडं लागून तिची बोटं रक्ताळली होती, आणि तिनं सायकलीकडं लांबूनच पाहिलं. शनिवारी दुपारी सार आले. बाबांनी वाकून सूत पाहिलं आणि सायकल दिली.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर पुढचा ब्रेक गेला. मागचा एकटा दाबल्यावर सायकल घसरली आणि सार दगडांवर पडले. खांद्याजवळचं हाड मोडलं, गुडघा फुटला, समोरचे दोन दात गेले. एका ट्रकनं त्यांना इचोड्याच्या डॉक्टरकडं आणलं आणि सायकल आमच्या दारात उतरवली. हँडल पिळवटलेलं, कमानी चेचलेल्या. कुठली लांब नि कुठली आखूड हे कुणालाच कळलं नसतं. तार लिव्हरमधून सुटून लोंबत होती. बाबा डॉक्टरकडं धावले होते, अक्का पडद्यामागं उभी होती. मी लिव्हर उघडून पाहिली. घासलेली घुंडी तारेवरून निसटून तशीच खाचेत बसली होती. मी नखानं ती काढली आणि खिशात टाकली.

बाबा आले तेव्हा त्यांनी तारेचं दुसरं टोक हातात घेतलं. पिवळं सूत जसंच्या तसं होतं. त्यांनी ते अक्कासमोर धरलं. "हे तुहंच होय ना?"

"होय बाबा."

"घुंडी?"

अक्कानं लिव्हरच्या पोटात बोट घातलं. "नाही. खाचेत बसली नसंन. म्या पाह्यलं होतं, पन बसली नसंन." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माह्याच हातानं झालं."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

बाबा रागीट नव्हते. ते फक्त म्हणाले, "हत्यारं ठेवून दे, पोरी." तिनं पक्कड, पाना, कानस खिडकीत एका ओळीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त भाकरी थापायचा आवाज आला.

वेंकट सार महिनाभरानं हात गळ्यात बांधून आले. दात नसल्यानं बोलताना त्यांचं हसू फिसकटत होतं. ते बाबांना म्हणाले, "लोखंड है भाऊ, टूटता है. लडकी को मत रोको." बाबा पंक्चर घासत राहिले. मग सार माझ्याकडं वळले. "क्या दिगू, तू तो उदरीच था. तेरेकू क्या लगता?" मी म्हणालो, "मला नाही माहीत सार." दरखास्तीची मुदत त्या आठवड्यात संपली. सारांची बदली झाली. सायकल त्यांनी आमच्याकडंच ठेवली, आता हिच्यावर बसवत नाही म्हणाले. वर्ष उलटायच्या आत अक्काचं लग्न नार्नूरकडच्या एका कापूसवाल्या घरात झालं. माणसं चांगली होती. मी पुढच्या वेळेला पास झालो, शिकलो, सरकारी नोकरीला लागलो, आदिलाबादला घर बांधलं. घुंडी मायच्या कुंकवाच्या जुन्या डबीत माझ्याबरोबर सगळीकडं फिरली.

अक्काच्या सासरी तिचं एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे, "माह्या हाताचा भरोसा नाही." ती हसत म्हणते आणि घरातले हसतात. शिवणयंत्राला तिनं कधी हात लावला नाही. गॅसचं बटन ती बंद करते आणि सुनेला बघायला सांगते. नातवंडं झाली तेव्हा त्यांना आंघोळ तिनं घातली नाही, सुनेनं आणि शेजारणीनं घातली. ही बाजूला टॉवेल धरून बसलेली. मी तिथं गेलो की हे वाक्य ऐकायचो आणि हसायचो. हसणाऱ्यांत माझाही आवाज असायचा, हे लिहून ठेवायला हवं.

यंदा रस्ता रुंद व्हायचा म्हणून दुकानाची शेड काढायची ठरली. बाबांना आणि मायला जाऊन खूप वर्षं झाली. दुकान भाड्यानं दिलेलं होतं. शेवटचं सामान काढताना भिंतीच्या वरच्या खिळ्यावरून सारांची रेसर उतरवली. माझा मुलगा म्हणाला, हैदराबादेत असल्या सायकलींना आता फार मान आहे, फक्त ब्रेकच्या तारा नीट टाकून घ्या, या जुन्या लिव्हरच्या तारा टाकणारे आता मिळत नाहीत. मी म्हटलं, एक आहे. त्यानं हँडल सरळ करून आणलं, नवीन तारा, आउटर आणि रबरं आणली. मी सायकल टेम्पोत टाकली, डबी खिशात घेतली आणि नार्नूरकडं निघालो. वाटेत दोन्हीकडं कापूस फुटला होता.

अक्का ओसरीवर तुरी निवडत बसली होती. मी सायकल खांबाला टेकवली. तिनं ती लगेच ओळखली आणि तोंड फिरवलं.

"हे काऊन आनली इथं?"

"अक्का, तुले एक दाखवाचं हाय." मी डबी उघडून घुंडी तिच्या तळव्यावर ठेवली. आणि सांगितलं. टपरीवरचं हसणं, मोपेडची तार, कानस, तीन वेळा दाबलेला ब्रेक, सूत. सारला काय उत्तर दिलं तेही. टेम्पोत मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते दोन मिनिटांत संपलं.

तिनं चष्मा चढवला. घुंडी बोटांत फिरवली, उजेडाकडं धरली.  मग म्हणाली, "हे कानस माही नाही."

"नाही."

"म्या अशी कानस कधी मारलीच नाही. चारी अंगानं ओरबाडली हाय. मधी धातूच नाही ठेवला." तिनं सुपातल्या तुरी बाजूला केल्या. "मंग म्या बसवली होती ते बरोबर बसवली होती."

"होय अक्का."

"बरोबर होती," ती पुन्हा म्हणाली, माझ्याशी नव्हे. मग माझ्याकडं पाहिलं. "बाबा गेले तवा तरी सांगाचं होतं, दिगू. बाबाले सांगाचं होतं."

 ती उठून आत गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. अक्काची सून रेखा चहा घेऊन आली, माझ्या तोंडाकडं बघून कप ठेवून गेली. चहावर साय धरली. आतून भांड्याचा, पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, टेम्पोवाल्याला हाक मारावी. तेवढ्यात अक्का पदर खोचून बाहेर आली. हात धुतलेले होते.

"पक्कड आनली काय?"

"आनली."

"बस खाली. तू करशीन. मी सांगतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, करतो, जातो, सांगतो.

तिनं सुतळी मागवली. कमान धरायला लावली, हँडल दोन्ही टोकांना वळवायला लावलं. माझी पहिली कमान आखूड झाली. "पुन्ना. अजून शिंगाचीच लाज वाटून राह्यली का तुले?" रेखा दारात उभी राहून हसली. दुसरी लांब झाली. "पुन्ना." तिसऱ्यांदा तिनं सुतळीवर स्वतः गाठ मारली आणि मी नळी कापली, तोंड घासलं, दाभण फिरवलं. मग मी नवी तार ओवू लागलो. तिनं नळीच्या दुसऱ्या टोकाला बोट धरलं आणि तार तिच्या बोटाला टेकली तेव्हा मान हलवली. घुंडी खाचेत बसल्याचा टक् असा आवाज आला. तो आम्ही दोघांनी ऐकला.

"दाब आता. पुरा दाब."

मी दाबलं. "लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन." तीनला मी थांबलो. ती माझ्याकडं बघत राहिली. "थांबला काऊन? चार." दहापर्यंत तिनं मोजलं. मग डावी बाजू, पुन्हा दहा. रेखाचा मुलगा शाळेतून आला होता. अक्कानं त्याला सायकलीवर बसवायच्या आधी स्वतः दोन्ही लिव्हर दाबून पाहिल्या, आणि रेखाला बघायला सांगितलं नाही.

तारेची टोकं राहिली होती. मी येताना पिवळं सूत आणि मेण आणलं होतं. सुताचा धागा तोडून मी तारेवर पहिला वेढा घेतला, तशी अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता, आणि कापत नव्हता.

"सोड," ती म्हणाली. "गाठ माही हाय. मीच बांधीन."